लिस्बनला जाऊन बेलें बघायलाच हवं का?

भटकी_मांजर: लिस्बनची कुठलीही यादी उघडा, नदीकाठचा बेलें हा भाग पहिला. माझं मत: दोनच दिवस हाताशी असतील तर ते खुशाल गाळा. जेरोनिमोस मठ, नदीकाठचा बुरूज, दर्यावर्दींचं स्मारक. तिन्हीकडे पोवाडा एकच, आम्ही समुद्र जिंकला. त्यातलं स्मारक तर 1960 चं, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीतलं. त्यापेक्षा आल्फामा या जुन्या वस्तीच्या चढणीवर भटका. अरुंद गल्ल्या, खिडक्यांबाहेर वाळत घातलेले कपडे, निळ्या-पांढऱ्या टाइल्स. (फरसबंदी पावसात भयंकर घसरते, बूट बघून घाला.) खरं लिस्बन तिथं आहे.

तिरपागडा: 'खरं लिस्बन' हे काय प्रकरण? 1 नोव्हेंबर 1755 ला, ऐन सणाच्या सकाळी, माणसं चर्चमध्ये असताना भूकंप झाला. मागोमाग तेजो नदीच्या मुखातून समुद्र आत घुसला आणि उरलंसुरलं आगीने खाल्लं. शहराच्या मध्यावरच्या बायशा भागाचे सरळसोट रस्ते राजाचा मंत्री पोंबाल याने नंतर आखून घेतले, घरांच्या भिंतींत भूकंपाला दाद न देणारे लाकडी सांगाडे घातले. कार्मो मठाच्या चर्चवर आजही छप्पर नाही. त्या तडाख्यातून बेलेंचा मठ आणि बुरूज वाचले आणि तुम्ही तेच गाळायला सांगताय!

भटकी_मांजर: आल्फामाही बरंचसं तगलं की! खडकावर वसलंय ते.

मडगांवकार: मी गोव्याचा. 451 वर्षं ज्या पोर्तुगीजांनी राज्य केलं त्यांचा पोवाडा ऐकायची मला हौस नाही. तरी सांगेन, बेलेंला जाच. मठाचा बराचसा खर्च आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या सुमारे 5 टक्के करातून निघाला. माल इथला, नक्षी तिथली. आत वास्को द गामाची कबर आहे; गडी मेला मात्र कोचीत, 1524 मध्ये. आणि बुरुजावर एका कोपऱ्यातल्या छोट्या मनोऱ्याखाली गेंड्याचं डोकं शोधा. पार झिजलंय, चटकन दिसत नाही. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने 1515 मध्ये लिस्बनला पोचला, त्याचीच ही आठवण मानतात. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळाला! हे सगळं आपण नाही बघायचं तर कोणी?

भटकी_मांजर: गेंड्यासाठी अर्धा तास मंजूर. त्या स्मारकासमोर सेल्फी काढणाऱ्यांना मात्र माझा दंडवत. ते उभं राहिल्यावर पुढच्याच वर्षी गोवा त्यांच्या हातून गेला, हे तिथं कोण सांगतं?

मडगांवकार: आपण सांगायचं. त्यासाठी तिथं जावं लागतं.

काकू_ऑन_टूर: तुमचा इतिहास चालू द्या. सत्तरीच्या सासूबाईंना घेऊन जाणाऱ्यांसाठी: आल्फामाची चढण गुडघे मागते आणि 28 नंबरच्या ट्रॅममध्ये गर्दी एवढी की पाकीट सांभाळावं की दांडा धरावा कळत नाही. बेलें सपाट आहे. सोमवारी मठ बंद असतो. जवळच 1837 पासूनचं दुकान आहे, तिथले कस्टर्ड भरलेले पेढ्याएवढे नव्हे, चांगले वाटीएवढे पेस्ट्री-टार्ट गरमगरम, वर दालचिनी भुरभुरून खा. अंडं असतं, सासूबाईंना आधीच सांगा.