जिन्यातला दिवा: दोष नेमका कुठे निघाला?

घरातला दिवा बंद पडला तर रात्रीच्या आत काहीतरी हालचाल होते. जिन्यातला पडला की सगळे मोबाइलची बॅटरी लावून चढतात आणि कोणीतरी सांगितलं असेल असं समजतात. तर मंडळी, तुमच्या इमारतीत काय होत होतं आणि दोष कुठे सापडला, ते लिहा. 'वायरमन आला, दुरुस्त करून गेला' एवढ्यावर सोडू नका. त्याने काय उघडलं, आत काय दिसलं, तेही सांगा.

*

आमच्या फाटकावरचे दिवे रात्रभर लागायचे-विझायचे. फोटोसेल, म्हणजे अंधार पडला की दिवे लावणारा सेन्सर, नवा आणला, तोही तेच करायला लागला. शेवटी एका वायरमनने सेलच्या काचेवर काळी टेप चिकटवली आणि दिवे गपगुमान लागून राहिले. सेलच्या समोरच कोणीतरी नवा फ्लडलाइट बसवला होता. तो लागला की सेलला वाटायचं उजाडलं! सेलचं तोंड दुसरीकडे वळवलं, संपलं.

*

आमचं प्रकरण पावसाचं, त्यामुळे जास्त चिवट. पाऊस लागला की कॉमन लाइनचा ईएलसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) पडायचा आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की बिनबोभाट चढायचा. वायरमन यायचा तेव्हा सगळं ठणठणीत. मग कमिटीतल्या एकाने तोडगा काढला: ईएलसीबी काढून लाइन डायरेक्ट करा. वायरमनने साफ नकार दिला, आणि बरं केलं. ओल्या खांबाला कोणी हात लावला तर वाचवणारी तीच एक वस्तू आहे.

पुढच्या पावसात तो भर सरीत आला. मधल्या मजल्यावरच्या जंक्शन बॉक्समधून पुढची लाइन सोडवली, ईएलसीबी चढवला. टिकला. म्हणजे दोष पुढच्या भागात. मग तो भागही निम्मा केला, असं करत गच्चीवरच्या एका दिव्यापाशी पोचला. प्रत्येक वेळी तो फेजबरोबर न्यूट्रलही सोडवत होता. विचारलं तर म्हणाला, न्यूट्रल अर्थिंगला टेकला तरी हा पडतो, नुसता फेज सोडवून शोधत बसलात तर फसाल. दिव्यात केबल वरून शिरलेली, भोकाला रबर नाही. पाणी केबलवरून ओघळत थेट आत. कनेक्टरवर हिरवा थर आणि तळाशी वाटीभर पाणी. आता केबल खालून आत घेतली आहे, आणि आधी खाली झोल दिलाय, म्हणजे पाणी तिथेच गळून जातं.

*

बटण बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत असेल तर आधी बटण न्यूट्रलवर तर नाही ना, ते तपासून घ्या. आमच्याकडे तसंच निघालं. अशा वेळी बटण बंद असलं तरी होल्डरमध्ये करंट असतो, म्हणून दिवा बदलताना बोर्डावरचा एमसीबी (त्या लाइनचा ब्रेकर) पाडायचाच. बटण फेजवर असूनही मिणमिणत असेल तर बहुधा लांबपर्यंत शेजारी-शेजारी गेलेल्या वायरींमुळे. त्यात घाबरण्यासारखं नाही.

*

एक धोक्याची खूण. काही मजल्यांवर दिवे एकदम प्रखर, काहींवर मंद, आणि लिफ्ट किंवा पंप चालू झाला की हे बदलतं, असं दिसलं तर दिवे बदलत बसू नका, मेन स्विच पाडा. तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल सैल झाला असू शकतो. मग २३० व्होल्टच्या जागी एखाद्या फेजवर ४०० च्या जवळपासही जातात. आमच्याकडे पॅनेलमधला न्यूट्रलचा स्क्रू काळा पडला होता आणि वायरचं आवरण वितळलं होतं. तोवर बऱ्याच घरांतले चार्जर गेले.

*

आमचे दिवे उलट, दिवसाही विझेनात. टायमर बरोबर वेळ दाखवत होता, पण आतल्या रिलेचे (टायमरच्या हुकुमाने लाइन जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटून बसले होते. ट्यूब काढून सगळीकडे एलईडी लावले तेव्हापासूनची ही कटकट. वॅट कमी, पण लागण्याच्या क्षणी सगळे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारी आतली सर्किटं) मिळून करंटचा मोठा झटका घेतात. आता टायमर फक्त कॉन्टॅक्टर (मोठा भार पेलणारा विजेवर चालणारा स्विच) चालवतो, दिव्यांचा भार कॉन्टॅक्टरवर.

*

आमचा अजून सुटलेला नाही. जिन्यात मोशन सेन्सर आहे. माणूस अर्धा जिना चढून गेल्यावर दिवा लागतो. वायरमनचं म्हणणं, हा सेन्सर आडवी हालचाल चटकन पकडतो, सरळ त्याच्याकडे चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. म्हणून तो समोरच्या भिंतीवरून बाजूच्या भिंतीवर न्यायचा विचार आहे. कोणी असं केलंय का? उंची किती ठेवलीत?