मदत हवी आहे: गुडघा बदललेल्या आप्पांना विन्ह मोकच्या भुयारात नेता येईल का?

राम राम मंडळी. आम्ही चोपड्याकडचे, केळीवाले. आप्पा (वय ७६, एकाहत्तरच्या लढाईत फौजेत होते) आणि आईला घेऊन व्हिएतनामला जायचं घाटतंय. आप्पांना समुद्रकिनारे नकोत, क्वांग त्रीच पाहायचाय. लाओसच्या सीमेला लागलेला प्रांत. १९५४ साली ज्या बेन हाई नदीवर देशाचे दोन तुकडे झाले, ती तिथलीच.

आमचा एजंट म्हणतो दा नांगहून एका दिवसात उरकू. नकाशा पाहिला तर दिवस गाडीतच जायचा. शिवाय त्याच्या कागदावर क्वांग बिन्ह वेगळा प्रांत आहे. जुलै २०२५ पासून दोन्ही एक झालेत ना?

खरी काळजी भुयाराची. आप्पांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. विषय काढला की एकच, "मना गुडघा शे, मी देखी लिसू." आई माळकरी, तिला लढाईचं काहीच नाही. तिच्या जेवणाचं काय? आणि कुठला महिना धरू?

प्रतिसाद १:
हो, एकच प्रांत झालाय, राजधानी दोंग होई. मुक्काम तिथेच टाका. हनोईहून रात्रीची रेल्वे पकडली की सकाळी उतरता. दोन दिवस फोंग न्हाच्या गुहांना द्या. पॅरडाइज गुहेला पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, ती सोडा. फोंग न्हा गुहेत नाव आतपर्यंत जाते, गुडघ्याला ती सोपी.

विन्ह मोकचं सरळ सांगतो. भुयारं तीन मजली, सगळ्यात खालचा वीस मीटरच्याही खाली. मी पाच फूट आठ, दोनदा टाळू आपटली. पायऱ्या ओल्या असतात. अमेरिकी बॉम्बवर्षावात अख्खं गाव आत राहिलं, १७ मुलं तिथेच जन्मली. एकेका कुटुंबाला भिंतीत कोरलेला कोनाडा, आपल्या देवघरापेक्षा थोडा मोठा. आप्पांनी वरचा मजला पाहावा, आणि समुद्राकडच्या तोंडाशी बाहेरून जाऊन बसावं.

प्रतिसाद २:
सप्टेंबर ते नोव्हेंबर पुराचे दिवस, पाणी चढलं की नाव बंद. मे ते ऑगस्ट लाओसकडून गरम वारा सुटतो. आपल्याला सवय आहे म्हणाल, पण तिथे दमटपणाही असतो. मार्च उत्तम. त्याआधी गेलात तर तेत, म्हणजे त्यांचा नववर्षाचा सण, टाळा. तेव्हा रेल्वे तुडुंब आणि खाणावळी बंद.

जेवणाला 'चाय' अशी पाटी शोधा, म्हणजे शाकाहारी. तरी माशाचं पाणी नको असं स्पष्ट सांगा, ते भाजीतही घालतात. दादरचं, म्हणजे ज्वारीचं, पीठ सोबत असू द्या.

खे सान्हला जरूर जा. अमेरिकी तळाला पडलेला १९६८ चा ७७ दिवसांचा वेढा तिथलाच, जुनी धावपट्टी अजून आहे. पुढे लाओ बाओ या सीमेवरच्या गावाच्या रस्त्याला केळीच्या बागा लागतील. तुमचे आप्पा बागेत शिरणार हे नक्की. रुळलेली वाट सोडू देऊ नका, त्या जमिनीत न फुटलेले बॉम्ब अजून निघतात.

धागाकर्ता:
आभार, भो! मार्च धरला, एजंट सोडला. दोन्ही प्रतिसाद घरी मोठ्याने वाचले. आप्पांनी फक्त केळी कोणत्या जातीची एवढं विचारलं. आई १७ मुलांपाशी थांबली, पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "तुम्ही वर बसा, खाली मी उतरस."

आता तिच्या चपला. ओल्या पायऱ्यांवर कोणत्या चालतील?