विषय: उरलेल्या हॅगिसचं काय करायचं?

मंडळी, नमस्कार.

संक्रांतीचं हळदीकुंकू आणि स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सची जयंती काल एकाच हॉलमध्ये उरकल्यामुळे तिळगूळ संपला आणि हॅगिस, म्हणजे आवरणात भरलेला मेंढीच्या मांसाचा इथला गोळा, उरलं. बहुतेकांनी चमचाभर घेऊन यजमान देशाचा मान राखला, एवढंच. माझ्या फ्रिजमध्ये आता न उघडलेले दोन गोळे आहेत, फोडलेल्याचा एक डबा आहे, आणि टेबलावर न आलेलं नीप्स-टॅटीजचं (कुस्करलेला सलगमसारखा कंद आणि बटाटे) पातेलं आहे. टाकवत नाही. खिम्यासारखं कांदा-टोमॅटोत परतलं तर चालेल का? टिकतं किती?

– सचिव

---

सचिव महाशय, टोमॅटोत अजिबात नको.

दुकानातलं हॅगिस पूर्ण शिजवलेलंच असतं. मेंढीची कलेजी, दिल आणि फोपसा, त्यात ओट्सची भरड, चरबी, कांदा, भरपूर मिरी. आपण फक्त गरम करायचं. खिमा म्हणून रस्सा करायला गेलात तर ओट्स सगळं पाणी पिऊन टाकतात आणि कढईत लापशी उरते. बिडाचा तवा घ्या, तेल घालू नका, कुस्करून मंद आचेवर पसरा. स्वतःची चरबी सुटते, कडा कुरकुरीत होतात. मग हलवा. मीठ-मिरी आधीच आहे, गरम मसाला तर नकोच. आंबट-तिखट जे काही हवं ते वरून: कच्चा कांदा, लिंबू, हिरवी मिरची, कोथिंबीर. पावाबरोबर खा.

अख्खा गोळा पाण्यात गरम करणार असाल तर फॉइलमध्ये गुंडाळा आणि पाणी खळखळ उकळू देऊ नका, आवरण फाटतं. अर्ध्या किलोच्या आसपासच्या गोळ्याला साधारण सव्वा तास. मायक्रोवेव्हमध्ये घालण्याआधी आवरण काढा. दोन्ही टोकांना बहुधा धातूची क्लिप असते, तीही.

आता डब्याबद्दल. तो टेबलावर किती वेळ होता? दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला असेल तर उद्यापर्यंत संपवा, आणि गरम एकदाच करा, पण मधोमध वाफ येईपर्यंत. इथे स्कॉटलंडमध्ये हॉटेलवाल्यांना पुन्हा गरम केलेलं अन्न ८२ अंशांपर्यंत न्यावं लागतं, यावरून काय ते समजा.

– डंडीच्या काकू

---

काकू, जेवण साडेसातला मांडलं. मग भाषणं झाली. डबा भरला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

– खजिनदार

---

टाका.

– काकू

---

काकूंच्या 'एकदाच गरम करा' वरून सुचलं: न उघडलेला गोळा आधी गरम करूच नका. थंडच फोडा, लिंबाएवढे गोळे वळा आणि घट्ट बेसनात बुडवून तळा. ग्लासगोत कितीतरी देशी रेस्टॉरंटांच्या मेन्यूवर हॅगिस पकोडा असतोच, आपण काही नवा शोध लावत नाही. गोळे फ्रिजमधून थेट कढईत जायला हवेत; कोमट असले की चरबी वितळते, बेसन फुटतं आणि तेलाचा सत्यानाश होतो. आच मध्यम ठेवा, नाहीतर बाहेरून लाल आणि आत गार. बेसनात ओवा चालतो. हिंग मला आवडला नाही, पण ते ज्याचं त्यानं ठरवावं.

टॅटीजचं पॅटिसचं आवरण होतं, आत हॅगिस, वर रवा. नीप्स मात्र बटाट्यात मिसळू नका, पाणी सुटतं. ते ज्वारी-बेसनात मळून थालीपीठ लावा, वेगळं पाणी लागतच नाही.

– ग्लासगोहून

---

एक विनंती. गोळे वाटण्याआधी पाकिटावरचे घटक वाचाल का? कित्येक हॅगिसमध्ये चरबी गाईबैलाची असते, आवरणही बैलाच्या आतड्याचं असू शकतं. 'मेंढीचं आहे' एवढ्या भरवशावर काल काहींनी खाल्लं असेल. पुढच्या वर्षी टेबलावर पाटी लावू या.

आणि शाकाहारी हॅगिस मागवा की! एडिनबरात १९८४ साली स्कॉटिश पोएट्री लायब्ररीच्या उद्घाटनासाठी मॅकस्वीन या हॅगिसवाल्या कंपनीनं ते बनवलं, आता सुपरमार्केटात सहज मिळतं. राजमा, मसूर, ओट्स. खरं सांगायचं तर भजीला तेच जास्त चांगलं. तळणाचं तेल तेवढं वेगळं ठेवा.

– एडिनबराहून, शाकाहारी सभासद

---

मंडळी, डबा टाकला. पाकीट वाचलं: दोन्ही गोळ्यांत बीफची चरबी आहे. ज्यांना चालतं त्यांनी कळवा. तारीख शुक्रवारपर्यंतची आहे, तोवर कोणी विचारलं नाही तर आहेत तसे फ्रीझरमध्ये ठेवतो. बाहेर काढताना रात्रभर फ्रिजमध्येच वितळवायचे, ओट्यावर नाही, असं काकूंनी फोनवर बजावलं आहे.

नीप्सची थालीपिठं आज दुपारीच लावतोय. लोणी आहे, माणसं हवीत.

– सचिव