'प्रकाशवर्षांपूर्वी' बरोबर की चूक?

दारव्ह्याकडचा मास्तर: सातवीतल्या एका पोरीनं निबंधात लिहिलं, "लाखो प्रकाशवर्षांपूर्वी पृथ्वी तयार झाली." मी लाल रेघ मारली. तिचे वडील म्हणतात, शब्दातच 'वर्ष' आहे, मग काळ का नाही? छापील मजकुरातही कधीकधी असा वापर दिसतो. रूढ झाला म्हणून सोडून द्यावा का?

रातचं ओलीत: काहून सोडता जी? पन बापाचंबी नवल नाई. आमच्या इकडं बुढे अजूनबी "बंडीनं दोन घंट्याची वाट" म्हनतात. बोलतात घंटे, सांगतात अंतर. उजेड वर्षभरात जेवढी वाट चालते तेवढं प्रकाशवर्ष. पोराइले असंच सांगा.

विकला: चोख! फक्त 'घंट्याची वाट' म्हणताना 'वाट' शब्द तोंडी असतो, प्रकाशवर्षात तो गळला. घोळ तिथंच. हे अंतर आहे सुमारे 9.46 लाख कोटी किलोमीटर; त्याला 'पूर्वी', 'नंतर' लागत नाही, 'दूर', 'अंतरावर', 'रुंद' लागतं. काळ सांगायचा तर साधं वर्ष पुरतं: व्याध तारा 8.6 प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणून आज दिसतो तो त्याचा उजेड 8.6 वर्षांपूर्वी निघालेला. पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षे, त्यामुळे त्या वाक्यात 'लाखो'सुद्धा तोकडं पडतं.

मास्तर: ते 'लाखो' माझ्या नजरेतून निसटलंच! आणि ताऱ्यांच्या अंतराचं दुसरं माप, पार्सेक? त्याला मराठी शब्द नाही?

विकला: पॅरलॅक्स आणि सेकंद यांचा तो जोड. सेकंद घड्याळातला नव्हे, कोनाचा: अंशाचा 3600 वा भाग. जुन्या ज्योतिषग्रंथांत त्यालाच विकला म्हणतात (माझं टोपणनाव तिथलंच). पॅरलॅक्स म्हणजे लंबन. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा जवळचा तारा मागच्या ताऱ्यांपुढं किंचित सरकलेला दिसतो. पृथ्वी ते सूर्य हे अंतर, म्हणजे एक खगोलीय एकक, सुमारे 15 कोटी किलोमीटर. ते जिथून एक विकला एवढंच दिसेल ती जागा एक पार्सेक दूर, 3.26 प्रकाशवर्षे. विकलांत मोजलेल्या लंबनानं 1 ला भागलं की थेट पार्सेक मिळतात, म्हणून खगोलशास्त्रज्ञांना हेच माप सोयीचं. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलनं हंस तारकासमूहातल्या 61 क्रमांकाच्या ताऱ्याचं लंबन 1838 मध्ये मोजलं; 'पार्सेक' शब्द आला 1913 मध्ये. 'लंबविकला' घडवता येईल, पण बोलणार कोण? पार्सेकच राहू द्या.

रातचं ओलीत: मंग तो पार्सेक का ते पार्सेक?

विकला: मी 'तो' म्हणतो. एक पार्सेक, दोन पार्सेक. रूप बदलत नाही. प्रकाशवर्ष मात्र 'ते', आणि अनेकवचनी प्रकाशवर्षे.