मदत हवी आहे: अर्थनियोजनाचा सगळ्यांनी मिळून लिहायचा मराठी विकी, कोल्हापुरातून

सातवी गल्ली:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राहून पैशांच्या नियोजनावर मराठीत लिहिणारे आम्ही नऊ जण आहोत. सगळ्यांचे मिळून १६० च्या आसपास लेख झालेत. अडचण अशी की एकच विषय चौघांनी लिहिलाय आणि चौघांचे आकडे जुळत नाहीत. बँक बुडाली तर ठेवीवर किती विमा, याला एका लेखात १ लाख आहे (३ फेब्रुवारी २०२० पर्यंत तेच खरं होतं), दुसऱ्यात ५ लाख. वाचणाऱ्यानं कुठला धरायचा?

म्हणून एकच विकी करायचा ठरलंय. एका विषयाला एक पान, चूक दिसली की कुणीही दुरुस्त करावी. खर्च महिन्याला ५००-६०० रुपयांच्या वर नको. विचारायचंय ते असं: विकी चालवायच्या सॉफ्टवेअरपैकी मीडियाविकी घ्यावा की डोकुविकी? दर तिमाहीला व्याजदर बदलतात, ते शंभर पानांत कोण बदलत बसणार? संपादन सगळ्यांना खुलं ठेवावं का? आणि सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) नियमात आपण कुठे अडकतो का?

ताळेबंद:
नऊ जण आणि १६० पानं म्हटल्यावर डोकुविकीवरही भागेल. त्याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल, फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला की बॅकअप झाला. पण देवनागरीत एक मेख आहे. फाइलचं नाव कसं लिहायचं हे ठरवणारी ‘एफएनएन्कोड’ सेटिंग मुळात ‘यूआरएल’वर असते. त्यात देवनागरीच्या एका चिन्हाचे टक्क्याच्या खुणांसकट ९ वर्ण होतात, आणि काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा वेगवेगळी चिन्हं धरली जातात. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची हद्द. ‘सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी’ हे नाव २४१ मध्ये जेमतेम बसतं. पुढं ‘खाते’ जोडलंत की बसत नाही. पहिलं पान लिहायच्या आधीच ती सेटिंग ‘यूटीएफ-८’ करा. नंतर बदलली तर जुनी पानं विकीला सापडेनाशी होतात.

तरी माझं मत मीडियाविकीकडेच आहे, आणि ते फक्त साच्यांसाठी. तुमचं खरं दुखणं बदलत्या आकड्यांचं आहे, त्याला मीडियाविकीतला साचा हाच नेमका इलाज. १.४३ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्या: डिसेंबर २०२४ ची आहे, डिसेंबर २०२७ पर्यंत सुरक्षेचे बदल मिळत राहतील. त्याला लागेल पीएचपी (विकी ज्या भाषेत लिहिलाय ती) ८.१ किंवा पुढची, मारियाडीबी हा डेटाबेस, आणि २ जीबी रॅमचं छोटं व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर). १ जीबीवर चालतं, पण दृश्य संपादक आणि डेटाबेस एकदम कामाला लागले की जीव जातो.

सातवी गल्ली:
साच्याचं जरा उलगडून सांगाल का? आमच्यातल्या दोघांनी विकिपीडियावर थोडंफार लिहिलंय, बाकीचे कोरे आहेत.

ताळेबंद:
‘साचा:दर/पीपीएफ’ असं एक पान करा (पीपीएफ म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी). त्यात एवढंच लिहायचं: 7.1. शब्द नको, टक्क्याची खूण नको, आणि हो, आकडा देवनागरी नको. बाकी सगळ्या लेखांत ७.१ असं कुणीही हातानं लिहायचं नाही, साच्याला बोलवायचं, म्हणजे त्या पानावरचा आकडा तिथं आपोआप येतो. एप्रिल २०२० मध्ये हा दर ७.९ वरून ७.१ वर आला तसा उद्या परत हलला, तर एकाच पानावर एकच आकडा बदलायचा. ठेव विम्याची ५ लाखांची मर्यादा, करवजावटीच्या ८०सी कलमाची दीड लाखाची मर्यादा, सगळं ह्याच पद्धतीनं. कलमांच्या क्रमांकांनाही साचे करा. प्राप्तिकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात ८०सी चं कलम १२३ झालंय. जुने लेख उघडून मोजा, ‘८०सी’ किती वेळा लिहिलंय ते.

आकडा देवनागरी का नको? मीडियाविकीचं गणिताचं सूत्र देवनागरी आकडे आणि मधले स्वल्पविराम, दोन्ही ओळखत नाही. १,५०,००० दिलंत की उत्तराच्या जागी लाल अक्षरात त्रुटी येते. साच्यात कच्चा आकडा ठेवा आणि वाचकाला दाखवताना ‘फॉर्मॅटनम’मधून काढा, विकीची भाषा मराठी असली की तो देवनागरी आकडे करून लाख-कोटीप्रमाणे स्वल्पविरामही देतो. उलट दिशेनं, म्हणजे देवनागरी आकडा परत कच्चा करायचा झाला तर त्यालाच ‘आर’ हा पर्याय द्यायचा. सूत्र बसवलं की ओळखीच्या उत्तरानं ताडून बघा. महिना ५,००० ची एसआयपी (दर महिन्याची ठरावीक गुंतवणूक), वर्षाला १२ टक्के म्हणजे महिन्याला १ टक्का धरून, १२० हप्ते, हप्ता महिन्याच्या सुरुवातीला: ११,६१,६९५ यायला हवेत. ११,५०,१९३ आले तर शेवटचा ‘गुणिले १.०१’ राहिलाय.

आता जिथं घोळ होतो ते. साचा बदलला तरी त्यावर अवलंबून असलेली पानं लगेच बदलत नाहीत. ती कामं एका रांगेत पडतात आणि कुणी पान उघडलं की रांगेतलं साधारण एक काम उरकतं. नव्या विकीवर वर्दळ नसते, म्हणून दोन-दोन दिवस जुनाच दर दिसत राहतो आणि लोकांना वाटतं साचा मोडलाय. क्रॉनमध्ये (सर्व्हरवर ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) दर १० मिनिटांनी ‘रनजॉब्ज’ ही रांग उरकणारी आज्ञा लावून टाका.

कळंबा:
वरच्याला एक जोड. प्रत्येक दराच्या साच्यात तीन गोष्टी असाव्यात: दर, कधीपासून लागू, आणि कुणी कधी मूळ अधिसूचनेशी ताडून बघितला. तिसरी तारीख १०० दिवसांहून जुनी झाली की पान आपोआप ‘तपासणी थकली’ या वर्गात जाईल असं सूत्र बसवता येतं. अल्पबचतीचे दर तिमाहीला जाहीर होतात, म्हणून १००. पण सूत्र नुसतं लिहून भागत नाही. पान नव्यानं जतन होईपर्यंत वर्गाची यादी हलत नाही. आठवड्यातून एकदा रात्री ‘रिफ्रेशलिंक्स’ ही याद्या ताज्या करणारी आज्ञा चालवा, मग यादी खरी राहते.

आणि ‘लागू’ची तारीख आर्थिक वर्षावर सोडू नका. शेअरवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याचा कर २३ जुलै २०२४ पासून १० वरून १२.५ टक्के झाला, वर्षाच्या मधोमध. एकाच वर्षात दोन दर खरे होते.

सेबीबद्दल. २०१३ ची गुंतवणूक सल्लागारांची आणि २०१४ ची संशोधन विश्लेषकांची नियमावली, दोन्ही घरात छापून ठेवा. विकीपुरती रेघ सरळ आखा: हिशेब कसा करायचा हे सांगायचं, काय घ्यायचं हे सांगायचं नाही. फंडाचं किंवा शेअरचं नाव घेऊन ‘घ्या’, ‘विका’, ‘सर्वोत्तम पाच’ असं काही दिसलं की चर्चा न करता काढायचं. दुव्यामागं कमिशन असलेले पत्तेही नकोत. ही गोष्ट पहिल्या दिवशी नियमात लिहिली नाहीत तर सहा महिन्यांनी आपल्याच माणसाशी भांडण होतं.

विषयांबद्दल न विचारता सांगतो, कारण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पीपीएफवर मराठीत ढिगानं लिहिलेलं आहे. आपल्या भागात ज्याला उत्तर मिळत नाही तिथून सुरुवात करा. पतसंस्थेतली ठेव आणि सहकारी बँकेतली ठेव यांत फरक काय? सहकारी बँकेच्या ठेवीला एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा लागूच नाही. दोघांच्या पाट्यांवर ‘सहकारी’ असतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला कळत नाही. हे पान मुखपृष्ठावर पाहिजे.

मग ‘शेकडा’. शेकडा दोन म्हणजे महिन्याला २ टक्के, वर्षाला २४, हे बोलताना कुणी मोडून सांगत नाही. त्याच्याच शेजारी सरळ व्याजाचं पान: १ लाख रुपये, ‘१२ टक्के’ सरळ, ३ वर्षं. महिन्याचा हप्ता ३,७७८ रुपये. घटत्या शिलकीवर तोच हिशेब मांडला तर दर सुमारे २१.२ टक्के निघतो. उदाहरण सूत्रात बसवा, वाचणाऱ्याला आपला आकडा टाकून बघता आला पाहिजे.

ऊसबिलाचं पानही घ्या. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर), उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. बिल वर्षातून मोजक्या वेळा येणाऱ्या घराला ‘पगार झाला की २० टक्के बाजूला काढा’ हा सल्ला उपयोगाचा नाही, त्याला हंगामी अंदाजपत्रक पाहिजे.

गुजरीतली:
कळंबादादा, सोन्याचं विसरलात. एचयूआयडी म्हणजे दागिन्यावरचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक, १ एप्रिल २०२३ पासून विक्रीला सक्तीचा, आणि तो बीआयएस केअर अॅपवर कसा तपासायचा याच्या पायऱ्या. गिऱ्हाईक दुकानात उभं राहून वाचेल इतकंच छोटं पान करा.

संपादन सगळ्यांना खुलं ठेवू नका, दादा. नोंदणीशिवायचं संपादन बंदच. नोंदणीचं पान उघडं असलं की बॉट (आपोआप कचरा टाकणारे प्रोग्राम) येतातच. चित्रातली अक्षरं ओळखायची कसोटी मराठी माणसालाच छळते, त्यापेक्षा ‘कन्फर्मएडिट’ या एक्स्टेन्शनमधला (विकीला जोडायचा पुरवणी भाग) प्रश्नाचा पर्याय घ्या: ‘अंबाबाईचं देऊळ कुठल्या शहरात?’ उत्तरांत कोल्हापूर, कोल्हापुर आणि रोमन अशी तिन्ही रूपं घाला, नाहीतर ऱ्हस्व-दीर्घापायी खरी माणसंच बाहेर राहतात. प्रश्न दोन-चार ठेवा आणि अधूनमधून बदला. नवख्यांचे बदल आधी तपासायला ‘मॉडरेशन’ एक्स्टेन्शन पुरे. प्रत्येक बदलाला मंजुरीची खूण लावणाऱ्या ‘फ्लॅग्डरेव्ह्ज’च्या वाटेला जाऊ नका, नऊ जणांना ते ओझं होईल.

शीर्षकांत एक छुपा घोळ आहे. ‘शेतकऱ्यांसाठी कर्ज’ हे नाव दोन कीबोर्डवर दोन तऱ्हेनं उमटतं: एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडणारा वर्ण. डोळ्याला दोन्ही सारखेच, विकीला मात्र दोन वेगळी पानं. दुसऱ्या रूपाचं पुनर्निर्देशन (त्या नावावरून आपोआप मूळ पानावर नेणारी नोंद) करून ठेवा. म्युच्युअल, म्युचुअल, म्युच्यूअल यांचंही तसंच.

मुळातला शोध अख्खा शब्द बघतो. ‘पीपीएफ’ शोधलं तर ‘पीपीएफमध्ये’ असलेलं पान येत नाही. ‘इलास्टिकसर्च’ हे जास्त हुशार शोधयंत्र तुमच्या २ जीबीत मावणार नाही. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या वाक्यात विषयाचं नाव प्रत्यय न लावता लिहायचं, हा लेखनाचा नियमच करा.

ताळेबंद:
जुने १६० लेख आणताना परवाना आधी ठरवा. सीसी बाय-एसए ४.० (श्रेय देऊन, त्याच परवान्यानं कुणालाही वापरू देणारा परवाना) ठेवलात तर विकिपीडियाशी देवघेव करता येते. प्रत्येक लेखकाची होकाराची ओळ त्याच्या सदस्य पानावर हवी. तोंडी होकारावर लेख हलवू नका.

बॅकअप रोज: डेटाबेस, चित्रांचा फोल्डर आणि विकीच्या सेटिंग असलेली लोकलसेटिंग्ज फाइल. सात दिवसांच्या आणि चार आठवड्यांच्या प्रती पुरतात, त्यातली एक तरी दुसऱ्या यंत्रावर. डेटाबेस उतरवताना वर्णसंच ‘बायनरी’ द्या. चुकीचा दिलात तर परत चढवताना मराठीच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं येतात, आणि ते कळतं तेव्हा चांगली प्रत पुसली गेलेली असते. तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या यंत्रावर प्रत चढवून एक जोडाक्षरांनी भरलेलं पान उघडून वाचा.

सातवी गल्ली:
खूप आभार सगळ्यांचे. पतसंस्था, शेकडा आणि ऊसबिल ही तीन पानं आधी घेतो, दर तिमाहीची तपासणी दोघांच्या नावावर लावतो. एकच शेवटचं: व्हॉट्सअॅपवर दुवा टाकला की नुसती टक्क्यांची रांग दिसते, लोक घाबरून उघडत नाहीत.

गुजरीतली:
‘पीपीएफ’ एवढ्या शब्दाचेच तिथं ५४ वर्ण होतात, म्हणून. साधनांच्या यादीत ‘पानाची माहिती’ उघडा, तिथं पानाचा क्रमांक मिळेल. त्या क्रमांकाचा दुवा छोटा असतो आणि शीर्षक बदललं तरी तुटत नाही. जी पानं हातोहात फिरणार, त्यांना रोमन अक्षरांत छोट्या नावाचं पुनर्निर्देशन करा आणि तोच पत्ता पाठवा. पतसंस्थेच्या पानाला आजच करून टाका.