घर ट्रस्टमध्ये टाकून मेडिकेड घेणं : हक्क की लबाडी?

ओसरी (न्यू जर्सी)

सासऱ्यांना मार्चमध्ये अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळपास बंद झालं. हॉस्पिटलातून नर्सिंग होममध्ये हलवलं. पहिले २० दिवस मेडिकेअरने (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा) पूर्ण दिले. २१व्या दिवसापासून रोज २०९.५० डॉलर आम्ही भरत होतो (हा २०२५चा दर), आणि १०० दिवसांनंतर मेडिकेअरने हात काढून घेतला. आता महिन्याचं बिल तेरा हजार डॉलरच्या वर जातंय. सासूबाई नाहीत. सासऱ्यांचं फेडून झालेलं घर आहे आणि चाळीस वर्षांच्या नोकरीतली शिल्लक आहे.

वकील म्हणाले, पाच वर्षांपूर्वी घर कायमच्या (परत घेता न येणाऱ्या) ट्रस्टमध्ये टाकलं असतं तर आज मेडिकेड, म्हणजे हाताशी पैसा नसणाऱ्यांच्या उपचारांची सरकारी मदत, सुरू झालं असतं. अजूनही निम्मं वाचवता येईल: निम्मी रक्कम मुलांना द्यायची, उरलेल्या निम्म्यातून दंडाचा काळ (पैसे वाटले म्हणून मदत बंद राहते ते महिने) काढायचा, मग सरकारी मदत. सगळं कायद्यात बसतं. मेव्हणा लगेच तयार झाला.

मला हे मनापासून पटत नाही. मेडिकेड १९६५ साली सुरू झालं ते ज्यांच्या हाताशी काही नाही त्यांच्यासाठी. सासऱ्यांनी पै-पै साठवली ती म्हातारपणासाठीच ना? मग म्हातारपण आल्यावर ती मुलांना वाटून बिल दुसऱ्यांच्या करांतून भरायचं, याला मी काय म्हणू? इथल्या मराठी मंडळींचं काय मत आहे ते हवंय. घरात हा विषय निघाला की आवाज चढतात.

चौकट

ओसरी, तुमच्या हेतूबद्दल आदर आहे, पण म्हणणं पटलं नाही.

माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे, वर विस्मरण. शेजारच्या घरातल्या काकांना त्याच वर्षी कॅन्सर निघाला. त्यांची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन, सगळ्याचा मोठा भार मेडिकेअरने उचलला आणि त्यांचं घर शाबूत राहिलं. माझ्या बाबांना न्हाऊ घालायला, भरवायला, रात्री कूस बदलायला माणूस लागतं. ती ‘वैद्यकीय’ सेवा नाही म्हणून मेडिकेअर त्यात पडत नाही. दोघांनी सारखाच कर भरला. मग कुठला रोग झाला यावर घर राहणार की जाणार हे ठरावं, हा कुठला न्याय? यातून सुटायला कायद्याने जी फट ठेवलीय, ती वापरणाऱ्याला लबाड म्हणू नका.

आणि माझ्या आईचा विचार करा. १९८८च्या कायद्यापूर्वी एक जण नर्सिंग होममध्ये गेला की दुसरा अक्षरशः कफल्लक व्हायचा. आता घरी राहिलेल्या जोडीदाराला काही रक्कम ठेवता येते. ती राज्याराज्यात वेगळी आहे, पण २०२५ला कितीही झालं तरी १,५७,९२० डॉलरच. आई ७१ वर्षांची आहे. तिची आजी ९४व्या वर्षी गेली. त्या पैशात तिने वीस वर्षं काढायची?

सांजवात

मी गेली बारा वर्षं नर्सिंग होममध्ये सोशल वर्कर आहे. मेडिकेडचे अर्ज भरायला घरच्यांना मदत करणं हे माझं रोजचं काम.

ओसरी, देशभरातल्या नर्सिंग होममधल्या दहापैकी सहा जणांचा खर्च मेडिकेडच उचलतं. हे सगळे जन्माचे गरीब नव्हते. शिक्षक, पोस्टमन, छोटे दुकानदार. बहुतेक जण स्वतःच्या खर्चाने आत आले, दोन वर्षांत शिल्लक संपली आणि मग मेडिकेडवर आले. त्यामुळे ‘ज्यांच्या हाताशी काही नाही त्यांच्यासाठी’ ही तुमची कल्पना सोडा.

पण चौकट, फट म्हणून ज्यात लोक उडी मारतात तिथे हातपाय मोडलेले मी बघते. दोन चुका तर दर महिन्याला. पहिली: “वर्षाला १९,००० डॉलर भेट द्यायला परवानगी आहे ना?” ती परवानगी आयकर खात्याची आहे. मेडिकेडचा आणि तिचा काही संबंध नाही. अर्जाच्या आधीच्या ६० महिन्यांतली प्रत्येक भेट मोजली जाते, नातवाच्या कॉलेजची फीसुद्धा.

दुसरी चूक जास्त जीवघेणी. समजा मुलांना १,३०,००० डॉलर दिले आणि तुमच्या राज्याने नर्सिंग होमचा सरासरी दर महिना १३,००० धरला, तर १० महिने मदत बंद. हे १० महिने भेट दिल्या दिवसापासून सुरू होतात असं लोक धरून चालतात. पूर्वी तसंच होतं, तेव्हा मागची तीनच वर्षं बघायचे. फेब्रुवारी २००६मध्ये कायदा बदलला. आता हे महिने सुरू होतात माणूस आत दाखल झाल्यावर, हातातला पैसा संपल्यावर. म्हणजे वडिलांकडे काही नाही, सरकार देत नाही, आणि मुलाने त्या पैशात स्वयंपाकघर नवीन करून घेतलंय. अशा वेळी माझ्यासमोर बसलेल्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो.

कोकणकडा (रत्नागिरी)

माझे वडील न्यू जर्सीला धाकट्या भावाकडे असतात. गावी आंब्याची कलमं आहेत, पुण्यात त्यांच्या नावावर फ्लॅट आहे. भाऊ म्हणतो, तिकडचं दाखवायची गरज नाही, कोण बघायला येतंय? सांजवातताई, हे बरोबर आहे का?

सांजवात

अजिबात नाही. मालमत्ता जगात कुठेही असो, अर्जात लिहायचीच. लपवली तर ती फसवणूक ठरते, आणि सही तुमच्या वडिलांची असते, भावाची नव्हे. कलमांची जमीन सामाईक असेल, वाटण्या झालेल्या नसतील, विकता येत नसेल, तर सातबारा आणि वकिलाचं पत्र जोडून ते मांडता येतं. पुण्याच्या फ्लॅटचं तसं नाही, तो सरळ मोजला जाईल. शिवाय वडील ग्रीन कार्डवर असतील तर १९९६च्या कायद्याप्रमाणे बहुतेकांना पहिली पाच वर्षं मेडिकेड मिळतच नाही. भावाला आधी ते विचारा.

रुजवात (पेनसिल्व्हेनिया)

ओसरींच्या बाजूने, पण कारण वेगळं. मला करदात्यांची नाही, म्हाताऱ्या माणसाची काळजी वाटते.

कायमच्या ट्रस्टमध्ये घर टाकलं की ते आईवडिलांचं उरत नाही. राहायचा हक्क ठेवता येतो, पण मुद्दलाला हात लावता येत नाही. आपल्याकडे २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाला दिलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर कलम २३खाली बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. माझ्या आत्याने कोल्हापुरात ते केलं, आणि घर परत मिळालं. इथे ‘कायमचा’ म्हणजे कायमचा. ट्रस्ट न करता थेट मुलाच्या नावावर केलं असेल तर आणखी वाईट. त्याचा घटस्फोट झाला, धंदा बुडाला, तर आईच्या डोक्यावरचं छप्पर त्या भांडणात सापडतं.

आणि आमच्या राज्याचं ध्यानात ठेवा. आईच्या नर्सिंग होमचं सुमारे ९३ हजार डॉलरचं बिल २०१२मध्ये इथल्या कोर्टाने मुलाच्या अंगावर टाकलं होतं. मेडिकेडचा अर्ज अजून निकाली लागायचा होता, तरी.

चौकट

रुजवात, ट्रस्टबद्दलची भीती मान्य. आम्हीही घर ट्रस्टमध्ये टाकलं नाही, आईनेच नको म्हटलं. पण ओसरी, एक प्रश्न. मेडिकेड मिळालं तरी वयाच्या पंचावन्नच्या पुढे झालेला खर्च माणूस मेल्यावर राज्य त्याच्या घरातून वसूल करतं, १९९३पासून. श्रीमंतांच्या मिळकती वकिलांनी केव्हाच बाजूला काढलेल्या असतात. सापडतो तो एकाच घराचा मालक. तुमची नीती त्यालाच का लागू?

ओसरी

चौकट, याला माझ्याकडे उत्तर नाही. दुसरे करतात म्हणून मी करावं हेही मनाला पटत नाही. पैसे वाटून टाकायला माझा नकार कायम आहे. सासऱ्यांना विचारता आलं असतं तर ते काय म्हणाले असते हे मला माहीत आहे.

पण एक गोष्ट लिहायची राहिली होती. धाकटी मेहुणी साडेतीन वर्षं त्यांच्याकडेच राहतेय. सासूबाई गेल्या तेव्हा नोकरी अर्धवेळ करून आली. इन्सुलिन, डायपर, पथ्याचा स्वयंपाक, रात्रीची उठबस, सगळं तिनेच केलं. घर विकलं तर ती कुठे जाणार, हा विचार मी आजवर केलाच नव्हता.

सांजवात

अहो, हे आधी सांगायचं! ज्या मुलाने किंवा मुलीने दाखल होण्याआधी किमान दोन वर्षं त्याच घरात राहून अशी सेवा केली की त्यामुळे नर्सिंग होम लांबलं, त्याच्या नावावर घर केलं तर दंड नाही. कायद्यातच लिहिलंय. नियम फक्त घरापुरता, शिल्लक खर्च करावीच लागेल. पुरावा मात्र भक्कम लागतो: तिच्या लायसन्सवरचा पत्ता, करपत्रकं, आणि ‘ही नसती तर रुग्णाला आधीच दाखल करावं लागलं असतं’ असं डॉक्टरांचं पत्र. सासऱ्यांचं मुखत्यारपत्र कुणाकडे आहे तेही बघा. ते सही करू शकणार नाहीत.

ओसरी

मुखत्यारपत्र बायकोच्या नावावर आहे. घर कुणाला देता येईल असं त्यात लिहिलंय का, ते वकिलांना विचारतो. डॉक्टरांची वेळ गुरुवारची घेतली. याला मी लबाडी म्हणू शकत नाही. ते घर तिने कमावलंय.

मेव्हण्याला अजून काही बोललेलो नाही. तो शनिवारी येतोय.