अंधारातल्या सायकल ग्रुप राइड : तुमचे अनुभव सांगा

मे महिन्यात पुण्यात कोथरूडहून पहाटे साडेपाचला निघालो की सिंहगड रोडच्या नांदेड फाट्यावर चक्क उजेड असायचा. ऑक्टोबर संपता संपता त्याच फाट्यावर, त्याच वेळेला, पुढच्याच्या सीटखालचा लाल ठिपका सोडून काही दिसत नाही. खडकवासला धरणापाशी पोचतो तेव्हा जेमतेम फटफटतं.

आम्ही नऊ जण. एरवी पुढचा माणूस नुसतं बोट खाली करून खड्डा दाखवतो आणि मागचे सगळे वळसा घेतात. अंधारात ते बोट कोणाला दिसणार? मागच्या रविवारी एका गतिरोधकाला ना पट्टे होते ना फलक. पहिले तिघे पार झाले, चौथी मी. दोन्ही हात हँडलवरून सुटले आणि बाटली उडून मागच्याच्या चाकाखाली गेली. तो पडला नाही, हे त्याचं कौशल्य. माझं मात्र मनगट अजून दुखतंय.

तेव्हापासून ग्रुपमध्ये वाद चाललाय. अर्धे म्हणतात, सव्वासहाला निघू. मला साडेसातला घरात पाय ठेवावाच लागतो, दोन डबे असतात. तुम्ही वेळ बदलता की रस्ता? की सरळ फेब्रुवारीपर्यंत सायकल भिंतीला टेकवता?

कोल्हापूर
तुमचा गतिरोधक निदान जागेवर असतोय. आमच्याकडं गाळप हंगाम सुरू झाला की रस्त्यावर काय पडलेलं असेल सांगता येत नाही. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ऊस शिगोशीग भरलेला. मागचे रिफ्लेक्टर असले तरी वरून लोंबणाऱ्या वाढ्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं, झाकलेले. पन्हाळा रोडला मी एका उभ्या ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबलोय. लाइट होता माझ्याकडं, पण हिरवा पाला उजेड परत फेकत नाही, गिळतो. आणि उसाचं कांडं चाकाखाली आलं की सायकल आडवीच, ते लाटण्यासारखं फिरतंय. आता एकच नियम केलाय : उजाडेपर्यंत दोन सायकलींत तीन-चार सायकलींचं अंतर. मागं चिकटून वारा चुकवायची हौस उजाडल्यावर.

नागपूर
आमच्याकडे सूर्य पुण्यापेक्षा वीसेक मिनिटं आधीच येऊन जाते, त्यामुळे अंधाराचं दुःख कमी. थंडीचं विचारा! डिसेंबरात फुटाळा तलावाला पोचेपर्यंत बोटं अशी आखडतात की ब्रेक दाबला की नाही ते कळतच नाही. जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राचा एक कागद ठेवा. हसू नका, करून पाहा. चहाच्या टपरीवर तो काढून वाचता येते, हा वरचा फायदा.

नाशिक
ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, करणाऱ्यांना हे नवीन नाही. तिथे रात्री पुढचा पांढरा दिवा, मागचा लाल आणि अंगात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट नसेल तर चालतच नाही. ग्रुपसाठी एक कळकळीची विनंती : मागचा दिवा लुकलुकता ठेवू नका, स्थिर ठेवा. लुकलुकणाऱ्या दिव्याच्या मागे तासभर चालवून बघा, डोकं भणभणतं आणि अंतराचा अंदाज पार जातो. सगळ्यात मागच्याने हवं तर लुकलुकता लावावा. पुढचा दिवाही खाली झुकवा, समोरून येणाऱ्या दूधवाल्याचे डोळे दिपवून काय मिळतं?

ठाणे
घोडबंदर रोडला दिव्यांचा लखलखाट. आम्हाला अंधार नाही, कुत्री आहेत. गँग पाहून गप्प बसतात, मागे राहिलेल्या एकट्याला बरोबर धरतात. तो एकटा नेहमी मीच.

लंडनजवळून
ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा पंधरवडाभर वाटतं, सुटलो. मग डिसेंबरात आठ वाजल्यानंतर सूर्योदय. आमच्या क्लबातले इंग्रज आजोबा पुढे-मागे दोन-दोन दिवे लावतात. एक संपला तर दुसरा. ही सवय मात्र उचला. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते.

पुणे, सिंहगड रोड
‘२२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो, थोडे दिवस कळ काढा,’ असं दरवर्षी कोणीतरी म्हणतं. दिवस मोठा होतो, पण आधी संध्याकाळच्या टोकाने. पुण्यात सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला, सात वाजून आठ-नऊ मिनिटांनी. सकाळच्या सायकलवाल्याची खरी अमावस्या संक्रांतीला! प्रश्न विचारणाऱ्या धागाकर्तीने तेवढं धरून हिशेब करावा.

धागाकर्ती
संक्रांतीचं वाचून पोटात गोळा आला, पण बरं झालं कळलं. वेळ साडेपाचच ठेवलीय. रस्ता बदललाय : पहिली चाळीस मिनिटं कोथरूडच्याच दिव्याखालच्या रस्त्यांवर घिरट्या, उजाडलं की बाहेर. कोल्हापूरकरांचं अंतर आणि नाशिककरांचा स्थिर दिवा, दोन्ही मंजूर. खड्डे ओरडून सांगायचं ठरलं होतं, पण आमच्यातल्या ज्येष्ठ काकांचा पहिल्याच दिवशी घसा बसला. म्हणून ते शिट्टी घेऊन आले. एक शिट्टी खड्डा, दोन गतिरोधक. रविवारी पहिल्याच फेरीत तीन सोसायट्यांचे वॉचमन काठी घेऊन गेटबाहेर आले.